जन्मवाचन आणि माझ्या बाळाची चाहूल

पर्युषणात गर्भवतीने तप कसे करावे, या प्रश्नाचे उत्तर कल्पसूत्रातच आहे. ते माझ्यापर्यंत पोहोचविले माझ्या मैत्रिणींनी.

पर्युषण महापर्वाचा पाचवा दिवस म्हणजे आपल्याकडील उत्साहाचा कळस. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने एकामागून एक उतरविली जातात. हत्ती, वृषभ, सिंह, लक्ष्मी, फुलांची माळ, चंद्र, सूर्य, ध्वज, कलश, पद्मसरोवर, क्षीरसागर, देवविमान, रत्नराशी आणि शेवटी निर्धूम अग्नी. मण तुपाच्या हिशेबात चढावे बोलले जातात. दिवसभर दुकानात एकेका रुपयाची घासाघीस करणारा व्यापारी त्या वेळी मागेपुढे न पाहता हात वर करतो. मग जन्मवाचन होते, थाळी वाजते, श्रीफळे फुटतात, एकमेकांच्या पाठीवर केशराचे थापे उमटतात आणि प्रभूचे पारणे झुलू लागते.

वाचक भगिनींनो, हा सोहळा मी लहानपणापासून दरवर्षी पाहत आले. परंतु हा सारा उत्सव मुळात एका गर्भवती स्त्रीचा आहे, तिच्या स्वप्नांचा, तिच्या भीतीचा आणि तिच्या सुखाचा आहे, हे ध्यानात येण्यासाठी मला स्वतःला सातवा महिना लागावा लागला. काही वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची हकीकत आज लिहिते आहे. ती लिहिताना थोडा संकोच वाटतो, कारण तिच्यातील चूक माझीच आहे.

पाच मैत्रिणी, एक गल्ली

माझे माहेर नंदुरबारचे. वडिलांचा धान्याचा आणि मिरचीचा व्यापार. घरात मारवाडी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी आणि आठवडे बाजारी येणाऱ्या आदिवासी गिऱ्हाइकांशी त्यांच्या बोलीतले चार शब्द, अशा चार भाषांत आमचे बालपण गेले. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या आपल्या रीतीप्रमाणे खोळ भरण्याचा कार्यक्रम झाला आणि श्रावणात मी नंदुरबारला आले.

त्या वर्षी योग असा की, बालपणीच्या आम्ही पाचही जणी पर्युषणात गावात होतो. लग्नानंतर आम्ही एकमेकींना नावाने हाक मारणे सोडले आहे. ज्या गावी दिली, त्या गावाच्या नावाने ओळखतो. शहादेवाली अठ्ठाईसाठी माहेरी आली होती. सुरतवाली दोन लहान मुलांना घेऊन ताप्ती लाइनच्या गाडीने उतरली होती. तिसरी गावातच दिलेली. ती अजूनही ‘गाववाली’. चौथी नवापूरची. ती जैन नाही. नवापूर तालुक्यातील एका आदिवासी शेतकरी कुटुंबातील. वसतिगृहात राहून आमच्याबरोबर शिकली आणि परिचारिका होऊन गावातच नोकरीला लागली. शाळेत असताना ती आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवत असे आणि आम्ही तिच्या शेतावर हुरडा खायला जात असू. पाचवी मी.

लग्नानंतर मैत्रिणी अशा एकत्र येणे किती दुर्मीळ असते, हे प्रत्येक भगिनीला ठाऊक आहे. सकाळी व्याख्यान, दुपारी एखादीच्या ओसरीवर सामायिक, संध्याकाळी प्रतिक्रमण. मधल्या वेळात हसणे, जुन्या आठवणी आणि माझ्या पोटावर हात ठेवून “मुलगा की मुलगी” यावर निष्फळ वादविवाद. शहादेवाली मुलगी म्हणायची, सुरतवाली मुलगा. नवापूरवाली म्हणायची, “बाळ धडधाकट असू दे, बाकीचं तुम्ही बसा भांडत.”

न सांगता घेतलेला उपवास

पर्युषणात ज्या घरी तप नाही, ते घर आपल्याला ओके वाटते. आमच्या गल्लीत त्या वर्षी बरीच तपे चालू होती. शहादेवालीची अठ्ठाई, गाववालीचा अठ्ठम, सुरतवालीचे एकासन. मी मात्र केवळ नवकारसी करीत होते. आईने आणि दादीसांनी मला बजावले होते, “बेटा, तुझं तप पुढच्या वर्षी.”

चौथ्या दिवशी उपाश्रयाच्या पायरीवर एक वयोवृद्ध भगिनी सहज बोलून गेल्या, “आजकालच्या मुलींना एक उपवास झेपत नाही. आम्ही तर नववा महिना असतानाही संवत्सरी सोडली नाही.” त्यांनी माझे नाव घेतले नव्हते, त्या माझ्याकडे पाहतही नव्हत्या. तरी ते वाक्य माझ्या मनात रुतले. रात्रभर वाटत राहिले की, ज्या दिवशी प्रभूंचा जन्म वाचला जातो, त्या दिवशी तरी आपण काही करावे. माझ्या बाळाच्या खात्यावर एक उपवास जमा व्हावा! आपण व्यापारी घरच्या मुली. पुण्याचाही जमाखर्च मांडतो.

पाचव्या दिवशी सकाळी सामुदायिक पच्चक्खाण चालू होते. मी गर्दीत मागे उभी राहून हात जोडले आणि मनोमन उपवास धारण केला. घरी आईला सांगितले, मैत्रिणीकडे खाऊन येते. मैत्रिणीला सांगितले, घरून खाऊन आले. पर्युषणाच्या पवित्र दिवसात तप करण्यासाठी मी दोन वेळा असत्य बोलले, आणि त्या वेळी मला त्यात काही वावगेही वाटले नाही.

उकळलेले पाणी पिण्याची मुभा होती. परंतु चढाव्यांची धांदल, भाद्रपदातला दमट उकाडा आणि गर्दीतून उठून जाण्याचा कंटाळा यांमुळे तेही दोनदाच प्यायले गेले. आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी जेवलेली मी दुपारी तीन वाजता जवळजवळ वीस तास रिकाम्या पोटी होते. सातवा महिना संपत आला होता.

वाचन सुरू असताना

जन्मापूर्वीचा भाग वाचला जात होता. तो आपण सर्वांनी अनेकदा ऐकलेला आहे. गर्भस्थ प्रभूंच्या मनात आले की, आपल्या हालचालीने मातेला पीडा होत असेल. तिच्यावरील अनुकंपेने ते अगदी निश्चल झाले. इकडे मातेला मात्र वाटले की, गर्भाला काही अपाय झाला. तो हरपला, गेला. ती शोकसागरात बुडाली. राजवाड्यातले मृदंग थांबले, वीणा थांबल्या, गाणे थांबले. अवधिज्ञानाने प्रभूंनी हे जाणले, अंग किंचित हलविले आणि मातेच्या मुखावर पुन्हा आनंद उमटला. त्याच क्षणी प्रभूंनी निश्चय केला की, माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा घ्यावयाची नाही.

लक्षात घ्या, वर्धमान हे त्रिशलामातेचे पहिले अपत्य नव्हते. नंदिवर्धन हे त्यांचे थोरले बंधू. म्हणजे जिला मातृत्वाचा अनुभव होता, जिने शुभ स्वप्ने पाहिली होती, जिला स्वप्नपाठकांनी थोर पुत्राची ग्वाही दिली होती, तीसुद्धा गर्भ स्थिर होताच हवालदिल झाली. त्या काळजीला ‘उगाच घाबरते’ असे कोणी म्हटल्याचे सूत्रात नाही. उलट सारा राजवाडा तिच्यासवे स्तब्ध झाला.

हे ऐकत असतानाच माझा हात नकळत पोटावर गेला आणि मनात लख्खकन विचार आला: सकाळपासून आपले बाळ कधी हलले?

मला आठवेना. रोज सकाळी व्याख्यानात बसले की हमखास एक लाथ मिळत असे; गाववाली त्याला ‘बाळाचे वंदन’ म्हणायची. आज ते वंदन झालेच नव्हते. मी कूस बदलून पाहिली, पोटावर हलकेच थापटले. काहीच नाही. समोर चांदीची स्वप्ने झगमगत होती, माणसे हर्षाने पुढे सरकत होती आणि माझ्या हातापायांना घाम फुटला होता.

शेजारी नवापूरवाली बसली होती. हा सोहळा तिला आवडतो म्हणून रजा घेऊन ती दरवर्षी येते. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कानाशी येऊन विचारले, “काय खाल्लंस सकाळपासून?” मी गप्प राहिले. तिला माझे मौन पुरेसे होते. “ऊठ,” एवढेच ती म्हणाली.

रिक्षातील पाच जणी

आम्ही दोघीच जाणार होतो. परंतु उपाश्रयाबाहेर येऊन पाहते तो बाकीच्या तिघी चपला घालून उभ्या. शहादेवालीचा त्या दिवशी पाचवा उपवास. तिला घरी जायला सांगितले, तर ती म्हणाली, “बसायला ताकद लागत नाही. मी बसेन नुसती.” सुरतवालीने आपली मुले शेजारणीकडे दिली. एका रिक्षात आम्ही पाच जणी कशा मावलो, ते आजही सांगता येणार नाही.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी पहिला प्रश्न तोच केला: शेवटचे अन्न कधी, पाणी कधी? माझे उत्तर ऐकून त्या रागावल्या नाहीत. पोटावर यंत्र टेकवले, इकडून तिकडे फिरवले. ती काही सेकंदे किती लांब असतात, हे ज्या मातेने अनुभवले तिलाच कळेल. मग एकदम तो आवाज आला, टपटप टपटप टपटप. नवापूरवालीने घड्याळाकडे पाहून सांगितले, “मिनिटाला एकशे अडतीस. उत्तम.” शहादेवाली पाच दिवसांच्या उपवासाच्या कोरड्या ओठांनी हसली आणि म्हणाली, “अगं, हा तर सारंगखेड्याच्या यात्रेतला घोडा धावतोय!” तेव्हा मी रडू लागले.

डॉक्टर बाईंनी शिरेतून सलाइन देण्याचे ठरविले आणि आधी थोडे दूध घ्यायला सांगितले. मी पुन्हा अडले. पच्चक्खाण मोडेल! त्या वेळी अठ्ठाई करणाऱ्या शहादेवालीनेच पेला माझ्या हातात दिला. ती म्हणाली, “रोज सूत्र म्हणतेस ना? त्यातच समाधीचा आगार आहे. ज्यांनी सूत्र रचले, त्यांना अशी वेळ येते हे ठाऊक होते. तू नियम मोडत नाहीस. नियमातच ठेवलेल्या दारातून बाहेर येते आहेस.” तिने अन्नाला पाच दिवस स्पर्श केला नव्हता, मला दूध पाजणारा हात मात्र तिचाच होता. तपस्विनी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले.

अर्ध्या-पाऊण तासाने, मी डाव्या कुशीवर पडले असताना, आतून एक ठोसा बसला. मी चौघींचे चार हात एकावर एक पोटावर ओढले. दुसरा ठोसा सगळ्यांनाच लागला. उपाश्रयात तेव्हा जन्मवाचन होऊन थाळी वाजली असेल. आमची थाळी त्या खोलीत वाजली.

तपाला आगार का असतो

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्वीजी महाराजांकडे गेले आणि सारे सांगितले, दोन्ही असत्यांसह. त्यांनी आधी सुखसाता विचारली. आपल्याला माहीत आहे की, साधू-साध्वी आहाराचा आदेश देत नाहीत. त्यांनी केवळ शास्त्रातला प्रसंग माझ्यापुढे ठेवला: त्रिशलामातेने गर्भकाळात कसे वर्तन केले, ते आठव. कल्पसूत्रात त्याचे सविस्तर वर्णन आहे. तिचे अन्न अति शीत नसे, अति उष्ण नसे. अति तिखट, कडू, तुरट, आंबट वा गोड नसे. अति कोरडे वा अति स्निग्ध नसे. ते ऋतूला साजेसे, मोजके आणि गर्भाला हितकर असे. रोग, शोक, मोह, भय आणि श्रम यांपासून ती दूर राहिली. तिचे डोहाळे पुरविले गेले, त्यांचा अनादर झाला नाही.

भगिनींनो, ज्या ग्रंथाचे आपण पर्युषणात भक्तीने श्रवण करतो, त्याच ग्रंथात गर्भवतीच्या ताटाची इतकी बारीक काळजी आहे. आपण स्वप्नांचे चढावे ऐकतो आणि ताटाचे वर्णन मात्र कानावरून जाऊ देतो.

साध्वीजींनी मला दुसरी गोष्ट सांगितली ती करणे, करविणे आणि अनुमोदन यांची. तप करणारीला जसा लाभ, तसा भावपूर्वक अनुमोदन करणारीलाही. मैत्रिणीच्या अठ्ठाईची सेवा करणे, तिची सुखसाता विचारणे, तिच्या पारण्याला उपस्थित राहणे, हेच त्या वर्षीचे माझे तप. तत्त्वार्थसूत्रातही तप आणि त्याग ‘यथाशक्ती’ सांगितले आहेत. शक्ती लपवू नये, तशीच ती ओलांडूही नये. आणि गर्भवतीची शक्ती ही तिच्या एकटीची नसते. त्यांनी मला प्रसूतीपर्यंत नवकारसी, रोज एक नवकार माळ आणि क्रोधाचा त्याग, एवढेच पच्चक्खाण दिले. त्यांतील तिसरे सर्वांत अवघड निघाले.

डॉक्टर बाईंनी सांगितलेलेही इथे नोंदविते, कारण आपल्या घरांत ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारणपणे १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास जाणवू लागते. २८ आठवड्यांनंतर आपल्या बाळाची रोजची रीत आईने ओळखून ठेवावी. ती रीत बदलली, हालचाल मंदावली वा थांबली असे वाटले, तर उद्यापर्यंत वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सासूबाईंनीही ‘झोपलं असेल’ म्हणून टाळू नये. दुसऱ्या तिमाहीपासून निदान १८० दिवस लोह व फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हा आजार केवळ गरिबाघरचा आहे, असे मानून आपण निर्धास्त राहू नये. पर्युषणात लिलोतरी वर्ज्य असली, तरी मूग, मटकी, चणे, बाजरी, गूळ, शेंगदाणे, दूध यांना कोणाची मनाई आहे? चौविहार पाळणाऱ्या गर्भवतीने सूर्यास्तापासून नवकारसीपर्यंतच्या दीर्घ अंतराविषयी आपल्या डॉक्टरांशी आणि गुरुजनांशी मोकळेपणाने बोलावे. माझ्यासारखे लपवू नये.

निमंत्रितांत मित्र पहिले

त्या रात्री प्रभूंचे पारणे आमच्याच गल्लीत एका घरी आले होते. मला उठून जाऊ देतील की नाही, याची धास्ती होती. परंतु दादीसांनीच खुर्ची पाठविली. चौघी मैत्रिणी माझ्याभोवती बसल्या. भक्तिगीते चालू होती. पारण्याची दोरी हातात आली, तेव्हा आम्ही पाचही जणींनी ती मिळून ओढली. नवापूरवालीने ती ओढावी की नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही. ज्या हातांनी दुपारी एक जीव सांभाळला, त्यांचा प्रभूच्या पाळण्यावर पहिला हक्क होता.

पुढे बाळंतपणाच्या विश्रांतीत मी कल्पसूत्राचा अनुवाद शांतपणे वाचला आणि दोन गोष्टींपाशी थबकले. प्रभूंच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी चंद्र-सूर्याचे दर्शन, सहाव्या रात्री जागरण आणि बाराव्या दिवशी मोठे भोजन झाले. त्या भोजनाच्या निमंत्रितांची यादी सूत्रात आहे. ज्ञातिजन, स्वजन, संबंधी, परिवार सारे तीत आहेत. पण या सर्वांच्या आधी पहिला शब्द येतो तो मित्रांचा. त्या मित्र-आप्तांच्या साक्षीनेच माता-पित्यांनी ‘वर्धमान’ हे नाव जाहीर केले, कारण हा जीव गर्भात आल्यापासून घरातील धनधान्याची, प्रीतीची आणि सत्काराची वृद्धी होत गेली होती. घरच्या आनंदात मित्रांना पहिले पान देणारा हा राजा होता.

दुसरी गोष्ट आपल्या पेढीशी संबंधित आहे. पुत्रजन्माची वार्ता ऐकून सिद्धार्थ राजाने कारागृहे मोकळी करविली आणि त्याच आज्ञेत सांगितले की, नगरातील मापे आणि वजने वाढवा. म्हणजे गिऱ्हाइकाला त्याच मोलात अधिक माल मिळावा. बाळाच्या आगमनाचा आनंद ज्याने तराजूतून वाटला, त्याच्या घरचा उत्सव व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागू नये.

परंपरा सांगते की, कल्पसूत्राचे पहिले जाहीर वाचन आनंदपुरात, म्हणजे आजच्या वडनगरात, पुत्रशोकाने व्याकूळ झालेल्या ध्रुवसेन राजाच्या सांत्वनासाठी झाले. ज्या घरी पाळणा रिकामा झाला, त्या घरासाठी हे वाचन सुरू झाले, हे आपण पाळणा झुलविताना स्मरणात ठेवले पाहिजे. आपल्यातही अशा भगिनी बसलेल्या असतात. ‘तुझा नंबर कधी’ असे विचारण्याऐवजी त्यांच्या हातात पारण्याची दोरी न बोलता द्यावी.

सातपुड्यातील भगिनी

त्या संध्याकाळी दवाखान्याबाहेर नवापूरवाली मला जे म्हणाली, ते मला अजून टोचते. “तू घरात सगळं असून उपाशी राहिलीस. माझ्या वॉर्डात ज्या येतात, त्यांना विचारायला जा, काय खाल्लंस म्हणून.”

आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. आपली बहुतेक दुकाने याच बांधवांच्या खरेदीवर उभी आहेत. परंतु अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून आजही गर्भवतीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते; नर्मदेच्या काठी दवाखानाच बोटीवरून फिरतो. आमची रिक्षा काही मिनिटांत दवाखान्यात पोहोचली, एवढाच माझ्यात आणि त्या भगिनीत फरक.

शासनाच्या योजना आहेत. आदिवासी क्षेत्रातील गर्भवती व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ पासून चालू आहे. प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेत ५००० रुपयांचे साहाय्य मिळते. दुकानात मीठ-मिरची घ्यायला आलेल्या गर्भवतीला ‘तपासणी झाली का’ एवढे विचारायला आपला काय खर्च येतो? पर्युषणात आपण अमारिप्रवर्तन करतो, मुक्या जिवांना अभय देतो. ते थोरच आहे. त्याबरोबरच आमच्या काही भगिनी आशाताईंना विचारून गरजू गर्भवतींपर्यंत गूळ, चणे आणि शेंगदाणे पोहोचवू लागल्या. ना फलक, ना छायाचित्र. अनुकंपा दानाला पावती लागत नाही.

पथारी लाल झाली तेव्हा

संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमणानंतर आम्ही सर्वांना खमावले. आईला आणि गाववालीला मी दोन असत्यांसाठी मिच्छामि दुक्कडं म्हटले. त्या वयोवृद्ध भगिनी स्वतः उठून माझ्यापाशी आल्या. कोणी त्यांना सांगितले होते, कोण जाणे. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “बेटा, मी नवव्या महिन्यात संवत्सरी केली हे खरं. पण ते बाळ राहिलं नाही, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. उपवासानं गेलं की कशानं, देव जाणे. बोलताना माणूस अर्धंच बोलतो. मिच्छामि दुक्कडं.” मी त्यांच्या पाया पडले. किती वर्षे ते ओझे त्यांनी एकटीने वाहिले असेल! त्या काळी त्यांना रिक्षात बसविणाऱ्या चार मैत्रिणी मिळाल्या असत्या तर, असे राहून राहून वाटते.

त्या रात्री, सगळे झोपल्यावर, मी पोटावर हात ठेवून माझ्या बाळालाही खमावले. चौऱ्यांशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागताना सर्वांत जवळचा जीव राहून जाऊ नये.

कार्तिक संपता संपता नंदुरबारच्या वेशीबाहेर मिरचीच्या पथाऱ्या लालभडक झाल्या आणि त्याच दिवसांत आमच्याकडे कन्यारत्न आले. शहादेवालीची पैज जिंकली. वजन दोन किलो आठशे ग्रॅम. नवापूरवालीनेच तिला प्रथम कापडात गुंडाळून माझ्या कुशीत दिले.

वडिलांना दुकानात निरोप गेला. ते मितभाषी, पेढे वाटण्याआधी त्यांनी दिवाणजींना एवढेच सांगितले, “आज काटा झुकता द्या. प्रत्येकाला मूठभर जास्त.” मी त्यांना सिद्धार्थ राजाची गोष्ट तोवर सांगितलीही नव्हती. त्या दिवशी धान्य घ्यायला आलेल्या कुणा आदिवासी आजीबाईंनी पदर पुढे करीत विचारले म्हणे, “शेठ, आज काय सण आहे?”

वडील म्हणाले, “हो बाई, आमच्याकडे सण आहे.”